घरात कोणाला रस नसताना राजकारण कसे समजून घ्यावे

इंदूरच्या मराठी घरांत सुमित्राताई महाजन १९८९ पासून सलग आठ वेळा खासदार झाल्याचे अभिमानाने सांगितले जाते. मात्र आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण, असे विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. अशा वातावरणात अभ्यासाची सुरुवात दिल्लीपासून न करता महापालिकेच्या ८५ प्रभागांपैकी आपल्या प्रभागापासून करावी, कारण तिथले दावे स्वतः चालत जाऊन तपासता येतात.

निवडणुकीच्या काळात वाहिन्यांवरील चर्चांपेक्षा उमेदवाराचे शपथपत्र वाचावे. मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि प्रलंबित फौजदारी खटले यांचा तपशील त्यात असतो आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही पाहता येते. निकालानंतर फॉर्म २० अवश्य मिळवावा. त्यात मतदान केंद्रनिहाय मते असल्यामुळे आपल्या वस्तीने शहराहून वेगळा कौल दिला का, हे कळते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत प्रमुख विरोधी पक्षाच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यावर इंदुरात ‘नोटा’ला २ लाख १८ हजारांहून अधिक मते पडली. केवळ विजयी मताधिक्य वाचणाऱ्याच्या नजरेतून ही गोष्ट निसटते, आणि माझ्या मते त्या निकालातील सर्वांत बोलकी बाब तीच होती.

घरच्यांवर मते लादू नयेत. नर्मदेच्या पाण्याचा किंवा मालमत्ता कराचा विषय निघाला, की महापालिकेच्या अंदाजपत्रकातील संबंधित तरतूद तेवढी सांगावी. सविस्तर चर्चेसाठी मात्र निराळ्या मताचा एक तरी माणूस शोधावा आणि त्याच्याशी बोलताना आधी आकडा, मग मत हा क्रम पाळावा.