गणितात 43 आहेत, तरी अर्ज भरायचाच

दरवर्षी मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की दोन-तीन लेकरं माझ्याकडे येतात. बाकीचे विषय चांगले असतात, एकच पडलेला असतो. बहुतेक वेळा गणित, नाहीतर इंग्रजी. वाक्यही ठरलेलं असतं, "सर, आता जवळचंच कॉलेज बघतो." जवळच्या कॉलेजात वाईट काही नाही. पण एका विषयाच्या भीतीनं मोठ्या विद्यापीठाचा अर्जच भरायचा नाही, हे मला बघवत नाही. म्हणून ही तयारी लिहून ठेवतोय. निकालाची वाट न बघता बारावीच्या जुलैतच, पेरण्या उरकल्या की, ही वाचायला घे.

सगळ्यात आधी एक वही कर आणि ज्या-ज्या ठिकाणी जायचंय तिथे तुझा कच्चा विषय नेमका कुठे मोजला जातो ते लिहून काढ. हे काम नीट केलं तर निम्मी भीती इथंच संपते. दिल्ली विद्यापीठाचंच बघ. 2021 पर्यंत तिथे बारावीच्या गुणांवर कटऑफ लागायचा आणि काही कॉलेजांत तो 100 टक्क्यांवर गेला होता. आपल्या गावांत अजून तीच गोष्ट सांगितली जाते. 2022 पासून तिथली पदवीची यादी सीयूईटीच्या, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या, गुणांवर लागते. बारावी उत्तीर्ण असावं लागतं, पण बारावीचे गुण प्रामुख्यानं बरोबरी झाली तरच बघतात, आणि तेव्हाही आधी सर्वांत चांगल्या 3 विषयांची टक्केवारी धरतात. म्हणजे 43 वाला विषय त्या हिशेबात येतच नाही. इतिहास, राज्यशास्त्र यांसारख्या पदव्यांना एक भाषा आणि तीन विषय असा मेळ चालतो, त्यामुळे विज्ञानाचं लेकरू गणित बाजूला ठेवून भौतिक, रसायन, जीवशास्त्रावर अर्ज करू शकतं. अर्थशास्त्र ऑनर्सला मात्र गणित लागतंच, तिथे पळवाट नाही. आणखी एक खाचखळगा आहे: सीयूईटीत आता बारावीला नसलेला विषयही निवडता येतो, पण दिल्ली विद्यापीठ बारावीला शिकलेलेच विषय धरतं. म्हणून विषय निवडायच्या आधी विद्यापीठाचं त्या वर्षीचं माहितीपत्रक वाच, नुसतं परीक्षेचं नको.

आयआयटी, एनआयटीचा हिशेब वेगळा. तिथे क्रमांक जेईईवर लागतो, पण खुल्या प्रवर्गाला बारावीत पाच विषयांत मिळून 75 टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये जागा हवी. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना 65 टक्के. पाच विषयांत इंग्रजी असली तर तीही आली. इंग्रजीत 50 पडले तर उरलेल्या चार विषयांत 400 पैकी 325 हवेत. हे आकडे दिवाळीच्या आधी कागदावर मांडले की कळतं, इंग्रजीला रोज अर्धा तास द्यायचा की एक.

आयसर म्हणजे विज्ञानाचं शिक्षण आणि संशोधन करणाऱ्या केंद्राच्या संस्था. त्यांची प्रवेश परीक्षा मला अशा लेकरांसाठी फार आवडते. 60 प्रश्न, भौतिक, रसायन, जीव आणि गणित यांचे प्रत्येकी 15, बरोबरला 4 गुण, चुकलं तर 1 कमी. बारावीला या चारपैकी तीन विषय असले तरी चालतं. म्हणजे गणित सोडलेल्या मुलीलाही पुण्याच्या आयसरचं दार उघडं आहे. पंधराही गणितं ठोकून चुकवलीस तर 15 गुण जातील, कोरी सोडलीस तर शून्य. त्यापेक्षा चार-पाच धडे पक्के कर, तेवढेच प्रश्न सोडव, बाकीच्यांकडे ढुंकून बघू नको. वकिलीकडे ओढा असेल तर क्लॅट या कायद्याच्या प्रवेश परीक्षेत गणिताचा भाग साधारण दहावा हिस्सा आहे, आणि क्लॅटमधून प्रवेश देणारं राष्ट्रीय विधी विद्यापीठ आपल्या छत्रपती संभाजीनगरातच आहे. ती परीक्षा डिसेंबरात होते, त्यामुळे अर्ज सोयाबीन घरात यायच्या आधीच भरून टाक.

पुस्तकांचं सांगतो. सीयूईटीचे प्रश्न एनसीईआरटीच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात, आपण शिकतो राज्य मंडळाची पुस्तकं. दोन्हींच्या अनुक्रमणिका शेजारी ठेव आणि जे धडे आपल्याकडे नाहीत त्यांच्यावर खूण कर. परीक्षा मराठीतून देता येते, पण एनसीईआरटीची पुस्तकं मराठीत नाहीत आणि भाषांतरात फरक निघाला तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात. म्हणून विषयाचे शब्द दोन्ही भाषांत पाठ हवेत. लातूर पॅटर्नला कुणी काहीही म्हणो, पुन्हा पुन्हा प्रश्नपत्रिका सोडवायची त्यातली सवय खरी आहे. ती घे.

कच्चा विषय तसाच सोडून द्यायचा नाही. नापास झालास तर वरचे सगळे हिशेब कोसळतात. आमच्याकडे गणिताची जागा दीड वर्ष रिकामी होती, त्या तुकडीचे हाल मी डोळ्यांनी पाहिलेत. अशा वेळी शेजारच्या गावातला बी.एस्सी. झालेला दादा किंवा ताई गाठ, लाजू नको. निकालात गुण अगदीच अनपेक्षित वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत माग. पुनर्मूल्यांकनाला ती आधी घ्यावीच लागते, आणि हाती आल्यावर पुढच्या अर्जाला कामकाजाचे 5 दिवसच मिळतात.

दाखल्यांनी मात्र माझी रात्रीची झोप उडवली आहे. माझ्या एका विद्यार्थिनीचा स्कोअर उत्तम होता, पण नॉन-क्रीमिलेअर राज्याच्या नमुन्यातलं. केंद्रीय विद्यापीठाला केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, तेही बहुधा त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेलं. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखलाही तसाच, चालू आर्थिक वर्षाचा. तिच्या वडिलांनी ऐन मृगात पेरणी सोडून तहसीलला चकरा मारल्या. मी आधी सांगायला हवं होतं, म्हणून आता सांगतो: जात केंद्राच्या यादीत आहे का ते बघ, आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात सेतूत जाऊन 'केंद्राचा नमुना' असं स्पष्ट सांग. एसईबीसीचं, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गाचं, आरक्षण राज्यापुरतं आहे, केंद्रीय संस्थांत ते धरत नाहीत. दहावीची सनद, आधार आणि गुणपत्रिका यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, हे पोळ्याच्या सुट्टीत बघून घे. दुरुस्तीला महिने जातात.

काही विद्यापीठं मुलाखत घेतात. तिथे त्या 43 बद्दल विचारतीलच. उत्तर तीन वाक्यांत तयार ठेव: काय झालं, त्यानंतर मी काय केलं, आता कुठवर आलोय. शिक्षक नव्हते हे खरं असेल तर सांग, पण तिथेच थांबू नको. आणि मधलं वाक्य खरं असायला हवं, म्हणून ती मेहनत आत्ता कर.

शेवटी अर्ज. तो नेटकॅफेत भर, हरकत नाही, पण मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच घाल, पासवर्ड त्याच वहीत लिही. जागा मिळाल्याचा निरोप त्याच नंबरावर येतो आणि ती स्वीकारायला दोन-चार दिवसच असतात. त्या दिवसांत मामाच्या गावाला वावरात असशील, तर ज्या बांधावर रेंज येते तिथे रोज संध्याकाळी एकदा जाऊन ये.