गावात देशी झाडांची बाग करायचीये? मग आधी नर्सरीत जाऊ नका

आमचं गाव त्र्यंबकच्या पलीकडे, हरसूलकडे जाताना लागतं. ग्रामपंचायतीचा माळ पडून होता, तिथं गावानं मिळून बाग केली. पहिल्या वर्षी फुकट मिळतायत म्हणून टेम्पोभर रोपं आणली, आणि वाढल्यावर बघतो तर अर्धी गुलमोहर नि काशीद. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, दिसतो झकास, पण देशी बागेत त्याचं काय काम! त्यानंतर ठरवलं, बी आपल्याच शिवारातलं.

सगळ्यात आधी ग्रामसभेचा ठराव करून घ्या, जागा लेखी पाहिजे. आणि त्या माळावर शेळ्या कोण चारतं त्यालाही सभेला बोलवा, त्याच्या चराईसाठी एक बाजू मोकळी सोडा, नाहीतर कुंपण कितीही घाला काही उपयोग नाही.

आता बियांचं. इथंच सगळे फसतात, कारण प्रत्येक झाडाची वेळ वेगळी. काटेसावरीची बोंडं उन्हाळ्यात फुटायच्या आधी काढायची, एकदा फुटली की कापूस वाऱ्यावर नि बी पण त्याच्याबरोबर. पळसाच्या चपट्या शेंगा वाळल्या की लगेच गोळा करा. मोहाची टोळंबी (म्हणजे मोहाचं बी), निंबोळी आणि जांभळाची बी, ही तिन्ही साठवून ठेवायचीच नाहीत, काही आठवड्यांत उगवण संपते, म्हणून गोळा केली की त्याच आठवड्यात पिशवीत लावायची. (आम्ही निंबोळ्या डब्यात भरून दिवाळीपर्यंत ठेवल्या होत्या, एकही उगवली नाही.) बहाव्याचं उलट, त्याचं बी दगडासारखं, वर्षभर टिकतं पण तसंच पेरलं तर हलत नाही. पॉलिश पेपरवर किंवा फरशीवर एका बाजूनं घासा, रात्रभर पाण्यात भिजवा, फुगलेल्या बिया लावा, न फुगलेल्या परत घासा. करंजाला काही लागत नाही, टाकलं की येतं.

कुठल्या झाडाखाली जायचं ते गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. हिरडा, बेहडा, शिवण, बिबा कुठं आहे हे त्यांना पाठ असतं. फक्त बिब्याला उघडा हात लावू नका, त्याचा चीक उतला की अंगावर फोड येतात.

खड्डे मे महिन्यात, दोन फूट लांब, रुंद, खोल. मुरूम बाजूला टाका, भरताना पालापाचोळा नि शेणखत घाला. लागवड मात्र दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावरच. आमच्याकडे जुलैत धो धो आणि एप्रिलात हंडा, त्यामुळे पहिले दोन उन्हाळे पाण्याची सोय लागतेच. दिंडोरीकडे द्राक्षबागा मोडतात तेव्हा ठिबकच्या जुन्या नळ्या निघतात, ओळख काढून मागा. नाहीतर मडक्याला भोक पाडून सुतळीची वात, तेही चालतं. बुडाशी पाचोळा जाड पसरा. घाणेरी नि गाजरगवत मात्र फुलायच्या आत उपटायचं.

एक कळकळीची गोष्ट, अंजनेरीच्या डोंगरावरून कंदीलपुष्पाचे (कंदिलासारखी फुलं येणारं दुर्मिळ रोप) कंद उपटून आणू नका. ते तिथलंच, तिथंच राहू द्या, बागेत फोटोचा बोर्ड लावा.

पाट्यांवर नावं लिहिताना पुस्तकातलं नाव खाली बारीक, वर गावातलं. एकाच झाडाला कोकणा समाजाच्या घरात एक नाव आणि महादेव कोळी घरात दुसरं निघालं तर दोन्ही लिहा. आमच्याकडे यावरून एक संध्याकाळ भांडण झालं, शेवटी पाटी मोठी करून घेतली.