ताडोबाचे फोटो का फसतात? या चुका टाळा

बांबूची एकेक काडी स्वच्छ, पेरं मोजता येतील इतकी, आणि तिच्यामागे केशरी धूसर डाग. तो डाग म्हणजे वाघ. ताडोबाच्या पहिल्या सफारीहून माझ्या कॅमेऱ्यात असेच फोटो आले होते, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. फोकसचे सगळे ठिपके चालू ठेवले की कॅमेरा बहुधा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो. या जंगलात सगळ्यात जवळ असतो बांबू! म्हणून एकच ठिपका निवडा आणि तो प्राण्याच्या डोळ्यावर धरा. हे गेटवर कागदपत्रं तपासली जात असतानाच करून ठेवा. वाघ समोर आल्यावर मेनू शोधायला हात चालत नाहीत.

फक्त मोबाईलच्या भरवशावर निघू नका. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्यात, मोबाईल वापरायला बंदी आहे. कॅमेरा नसेल तर निघण्याआधी भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत लेन्ससकट मिळतो. तारीख ठरवताना मंगळवार टाळा, त्या दिवशी कोअरमधली सफारी बंद असते, आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर बंदच.

फोटो हलतात का?

पहाटे सागाखाली उजेड फार कमी असतो. फोटोत दाणे येतील या भीतीने आयएसओ (कॅमेरा उजेड किती पकडतो ते मोजमाप) 200 वर अडकवून ठेवला, तर शटरचा वेग 1/60 सेकंदावर येतो आणि चालता वाघ फराटा होऊन बसतो. आयएसओ ऑटोवर सोडा. शटर चालत्या प्राण्यासाठी निदान 1/500, पळत्या चितळासाठी किंवा रानकुत्र्यांसाठी 1/1600 ठेवा. दाणे घरी कमी करता येतात, हललेला फोटो सुधारत नाही.

दुसरं कारण जिप्सीचं, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीचं, इंजिन. त्याची थरथर लांब लेन्समध्ये थेट उतरते. "दादा, गाडी बंद करा ना जरा," एवढं म्हणावं, चालक आनंदाने करतात. जिप्सीत ट्रायपॉड उघडायला जागा नसते. त्याऐवजी जुन्या जीन्सचा पाय गुडघ्याखाली कापा, एक बाजू शिवा, दीड-दोन किलो तांदूळ भरा आणि दुसरी बाजूही शिवून टाका. जिप्सीच्या दांडीवर ही पिशवी टाकून तिच्यात लेन्स दाबून बसवली की ती हलत नाही. फक्त गाडीतल्या बाकीच्यांना आधीच सांगा: कुणी उभं राहायचं नाही, जागा बदलायची नाही.

अस्वल आणि रानगवा यांचे फोटो फिके येतात, कारण एवढा काळा रंग दिसला की कॅमेरा तो उजळायला बघतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, उणे 1 करा. लेन्स जिप्सीत बदलू नका. मे महिन्यातली धूळ एका क्षणात सेन्सरवर बसते.

सगळ्यात मोठी चूक

"अजून थोडं पुढे घ्या" हा हट्ट. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगाव भागात, पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत तुमच्या-माझ्यासारखीच सुट्टीवर आलेली माणसं होती. गाइडवर दबाव आपण टाकतो, टिपेचं आमिष आपण दाखवतो, आणि कारवाई झाली की रोजगार मात्र गावातल्या त्या पोराचा जातो.

शिवाय अशा गर्दीत फोटोही वाईटच येतो. घेरलेल्या वाघाचे कान मागे पडतात, मान खाली जाते, चौकटीत दोन बोनेट घुसतात. त्यापेक्षा सांबराचा कॉल, म्हणजे वाघ दिसल्यावर ते देतं ती धोक्याची हाक, ऐकून लांबच थांबा. चितळ कधीकधी उगाच ओरडतं, सांबर सहसा नाही. वाघ रस्त्यावरून समोरून येत असेल तर जिप्सी आधीच मागे घ्यायला सांगा, म्हणजे त्याला चालायला रस्ता मोकळा राहतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही असेच इंजिन बंद करून वीसेक मिनिटं बसलो होतो. दूर वळणावर वाघीण धुक्यातून बाहेर आली, उजवीकडच्या झाडाला अंग घासलं, थांबून आमच्याकडे पाहिलं आणि निवांत गवतात उतरली. फोटोत ती अंगठ्याएवढी आहे, भोवती सगळा साग, आणि दोन्ही कान पुढे.