पिकअप पेट्रोलची की डिझेलची? शोरूमची पायरी चढण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी एक वही करा आणि महिनाभर तिच्यात रोज रात्री चार गोष्टी टिपा: आज गाडी किती वेळा सुरू केली, दर वेळी सलग किती अंतर गेली, तिच्यात किती वजन होतं, आणि मागे ट्रेलर जोडला होता का. सध्या तुमच्याकडे साधी कार असेल किंवा भाड्याचा टेम्पो असेल, तरी हीच नोंद करा. अंदाजपंचे लिहू नका. ‘मी बऱ्याचदा लांब जातो’ असं आपल्याला मनापासून वाटत असतं आणि महिनाअखेर वहीत लांबची फेरी एकच निघते.

मी या वहीचा इतका आग्रह धरते त्याला कारण आहे. पेट्रोल की डिझेल म्हटलं की जो तो ‘वर्षाला किती किलोमीटर?’ एवढंच विचारतो. माझ्या मते त्याआधी विचारायला हवं, की गाडी एकदा सुरू झाली की किती वेळ चालते. वर्षाला २०,००० किलोमीटर चालणाऱ्या दोन गाड्या घ्या. एक आठवड्यातून दोनदा दोनशे किलोमीटर जाते, दुसरी दिवसातून पंधरा वेळा चार-चार किलोमीटर. पहिली डिझेलवर सुखाने चालेल, दुसरी त्याच डिझेलवर मालकाला रडवेल.

असं का, ते सांगते. आजच्या डिझेल गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा एक फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. तो भरत जातो आणि अधूनमधून आतली काजळी जाळून मोकळा करावा लागतो. त्यासाठी तिथलं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं. लोड घेऊन मोकळ्या रस्त्यावर तासभर चालणाऱ्या गाडीत हे काम तुमच्या नकळत होऊन जातं. चार किलोमीटरच्या फेरीत इंजिन धड गरमही होत नाही. मग गाडीचा कॉम्प्युटर सिलिंडरमध्ये थोडं जास्तीचं डिझेल उशिरा सोडून उष्णता वाढवायला जातो आणि तेवढ्यात तुम्ही गाडी बंद करून उतरता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळतं आणि खाली इंजिन ऑइलमध्ये जाऊन मिसळतं.

अशा एका गाडीची डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, मी स्वतः ओढून पाहिली आहे. गाडी जेमतेम दोन वर्षांची, बाहेरून चकाचक, आणि काम म्हणाल तर घर ते गोदाम आणि गोदाम ते घर. पट्टी फडक्याने पुसली, पुन्हा घातली, काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. मालक समाधानी होते, कारण गाडी ऑइल खात नाही असं त्यांना वाटत होतं. मी पट्टी नाकाशी नेली तर डिझेलचा वास आला. दोन बोटांत चोळून पाहिलं तर ऑइलला चिकटपणाच उरला नव्हता. तसल्या पातळ ऑइलवर बेअरिंग आणि टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, किती दिवस तग धरणार? त्यांना मी त्याच दिवशी ऑइल बदलायला लावलं आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी गाडी मोकळ्या रस्त्यावर न्या म्हणून बजावलं. खरं सांगायचं तर त्यांनी पेट्रोलच घ्यायला हवी होती.

तेव्हा वही उघडा. बहुतेक फेऱ्या दहा किलोमीटरच्या आतल्या असतील आणि आठवड्यातून एकदाही अर्धा तास सलग चाल मिळत नसेल, तर पेट्रोल घ्या आणि बाकीचा विचार फार ताणू नका. लांबच्या फेऱ्या नियमित असतील तर पुढच्या रकान्यावर या, म्हणजे वजनावर.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा मूळ जागेच्या पंधराव्या-अठराव्या हिश्शात दाबतात, ती तापते, आणि त्या तापल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. पेट्रोल इंजिनात हाच दाब साधारण दहा ते बारा पट असतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये आपलं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, त्यातली मूळ युक्ती हीच होती. जास्त दाबामुळे त्याच इंधनातून जास्त काम निघतं. शिवाय एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा १० ते १५ टक्के जास्त ऊर्जा असते. त्यावर टर्बो आला, की १५०० ते २५०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) पट्ट्यातच इंजिनाचा सगळा जोर हाती येतो. ट्रेलर लावून चढावर निघालात की हे लगेच कळतं. डिझेल त्याच गिअरमध्ये संथपणे ओढत राहतं. पेट्रोल गाडी दोन गिअर खाली उतरते, इंजिन ओरडायला लागतं, आणि ॲव्हरेज डोळ्यांदेखत घसरतं.

टर्बो लावलेली नवी पेट्रोल इंजिनंही आता कमी आरपीएमवर चांगला टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, देतात, हे मान्य करायला हवं. रिकाम्या गाडीत तुम्हाला फरक जाणवणारही नाही. पण जड लोडवर आतले भाग फार तापू नयेत म्हणून अशी बरीच इंजिनं जास्तीचं पेट्रोल ओततात. म्हणून रिकाम्या गाडीच्या ॲव्हरेजवरून लोडच्या गाडीचा हिशोब मांडू नका. तुमच्याइतकंच वजन ओढणाऱ्या एखाद्या मालकाला गाठा आणि टाकी फुल ते टाकी फुल असा त्याचा आकडा विचारा. कामाचं ठिकाण उंच डोंगरावर असेल तर टर्बो हवाच, मग इंधन कुठलंही असो. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण दहा टक्के विरळ होते आणि बिनटर्बोचं इंजिन तेवढा दम गमावतं.

चढाबरोबर उताराचंही विचारून ठेवा, कारण तिथे लोक फसतात. डिझेल गाडी उतारावर आपोआप चांगली अडते असा समज आहे. प्रत्यक्षात पेट्रोल इंजिनात हवेची वाट अडवणारा पडदा असतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन गाडीला मागे खेचतं. डिझेलमध्ये हवा तशी कोंडली जात नाही, म्हणून त्याचं नैसर्गिक इंजिन ब्रेकिंग कमकुवत असतं. ती उणीव एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून गाडी रोखणारा ब्रेक, भरून काढतो. जड ट्रेलर ओढायचा असेल तर एक्झॉस्ट ब्रेक आहे का, आणि तो कुठल्या मॉडेलपासून मिळतो, ते लेखी घ्या.

आता गाडीची उचल, म्हणजे माणसं आणि माल मिळून ती किती वजन वाहू शकते ते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावरचे वजनाचे आकडे फोटो काढून आणा. डिझेल इंजिन जड असतं. मोठ्या पिकअपमध्ये हा फरक शे-दोनशे किलो किंवा त्याहूनही जास्त असू शकतो, आणि तो थेट हौद्यातल्या मालातून वजा होतो. समजा, गाडीची उचल ७०० किलो आहे. चार माणसं बसली, ३०० गेले. मागे २,००० किलोचा ट्रेलर असेल तर त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार कपलिंगवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्यावर, येतो, म्हणजे आणखी २०० ते ३००. हौद्यासाठी उरले १०० ते २०० किलो. ओढण्याची क्षमता जास्त म्हणून डिझेल घेतली आणि हौद्यात माल ठेवायला वजनच शिल्लक नाही, असं होऊ शकतं. ट्रेलर क्वचित लावत असाल आणि माल हौद्यातच भरत असाल, तर त्याच मॉडेलची पेट्रोल गाडी जास्त वजन उचलू शकते.

पैशांचा हिशोब मी लिटरमध्ये करते, कारण भाव बदलत राहतात. डिझेल मॉडेल पेट्रोलपेक्षा जेवढं महाग आहे, तेवढ्या पैशात आज किती लिटर पेट्रोल येईल ते काढा. धरा, ३,००० लिटर. पेट्रोल गाडी लिटरला १० किलोमीटर जाते आणि डिझेल १३, तर शंभर किलोमीटरला १० लिटरऐवजी ७.७ लिटर लागतात. दोन्ही इंधनांचा भाव सारखा असेल तर शंभर किलोमीटरला २.३ लिटर वाचले, म्हणजे जास्तीचे पैसे वसूल व्हायला सुमारे १,३०,००० किलोमीटर लागतील. डिझेल १० टक्के महाग असेल तर तोच आकडा १,९५,००० वर जातो. डिझेल स्वस्त असेल तर अर्थातच खाली येतो. तुमचे आकडे घालून बघा आणि एवढे किलोमीटर तुम्ही गाडी ठेवणार आहात का, हे स्वतःला विचारा.

या हिशोबात देखभाल घालायला विसरू नका. मोठ्या डिझेल इंजिनात ऑइल बारा-पंधरा लिटर बसू शकतं, डिझेल फिल्टर वेळच्या वेळी बदलावा लागतो, आणि ज्या गाडीत धूर शुद्ध करायला डीईएफ लागतं, चालक ज्याला नुसतं युरिया म्हणतात, त्याचाही खर्च असतो. दर शंभर लिटर डिझेलमागे ते दोन ते पाच-सहा लिटर जातं. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं, म्हणून उणे ११ अंशाला ते गोठतं. त्याची टाकी रिकामी झाली तर आधी इशारे येतात आणि मग गाडी सुरू व्हायला नकार देते. ते डिझेलच्या टाकीत मात्र चुकूनही ओतायचं नाही. पेट्रोलकडे स्पार्क प्लग बदलण्याचा खर्च आहे, आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, पण बिलं बहुधा लहान असतात.

इंधन कुठे भरणार, तेही आधीच बघून ठेवा. कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे सगळ्या सिलिंडरना एकाच नळीतून दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात, इंधनाचा दाब २,००० बारच्या (हवेच्या दाबाच्या सुमारे दोन हजार पटींच्या) घरात जातो आणि तो दाब देणाऱ्या इंजिनातल्या पंपाला वंगण मिळतं ते त्याच डिझेलचं. त्यात पाणी आलं की पंप झिजतो आणि त्याचा लोखंडी चुरा सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत पोहोचतो. मग टाकीपासून नोझलपर्यंत सगळं काढून धुवावं किंवा बदलावं लागतं. म्हणून फिल्टरखालचं पाणी कसं सोडायचं ते शिकून घ्या. नव्या गाड्यांना गंधक कमी असलेलं डिझेलच चालतं. तुमच्या भागात कडाक्याची थंडी पडत असेल तर हिवाळी डिझेल मिळतं का विचारा, कारण साध्या डिझेलमधलं मेण थंडीत गोठतं आणि फिल्टर तुंबवतं. ज्या शहरांत गाडी न्यायची आहे, तिथे डिझेल गाड्यांवर वयाची किंवा प्रवेशाची बंधनं आहेत का, हेही पाहा. गाडी विकतानाही याच गोष्टीवर घोडं अडतं.

ट्रायल रिकामी मारू नका. तुमच्या रोजच्या वजनाएवढ्या पोत्या हौद्यात टाकून, रोजच्या रस्त्याने, आधी डिझेल आणि लगेच पेट्रोल अशी चालवा. गाडी थंड असताना सुरू करून बघा, चढावर थांबवून पुन्हा उचला, उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पाहा.

जुनी गाडी घेणार असाल तर पोहोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. आधीच गरम करून ठेवली असेल तर परत जा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड सायलेन्सरच्या आत बोट फिरवा. ज्या डिझेल गाडीचा डीपीएफ शाबूत आहे, तिच्या नळीत बोट काळं होत नाही. काळीभोर काजळी लागली, तर फिल्टर फुटलेला आहे किंवा कोणीतरी काढून टाकलेला आहे. मीटरवर इंजिनाचे तास दिसत असतील तर किलोमीटरला तासांनी भागा. ६०,००० किलोमीटर आणि ४,००० तास म्हणजे ताशी १५ किलोमीटर झाले. ती गाडी चालली कमी आणि उभ्या उभ्या धडधडत राहिली जास्त. अशा डिझेलला मी हात लावणार नाही, भाव कितीही उतरवून दिला तरी.

घरात आधीची गाडी पेट्रोलची असेल आणि डिझेल आणलीत, तर पहिल्याच दिवशी टाकीच्या झाकणावर आत-बाहेर मोठ्या अक्षरांत ‘फक्त डिझेल’ असं चिकटवा आणि जो जो गाडी चालवणार त्याला सांगून ठेवा. पेट्रोल पंपावरचं पेट्रोलचं नोझल अरुंद असल्यामुळे ते डिझेलच्या टाकीत सहज जातं. चूक झालीच तर चावी फिरवायची नाही, नुसते दिवे लागण्यापुरतीसुद्धा नाही, कारण तेवढ्यानेही बऱ्याच गाड्यांत टाकीतला पंप सुरू होतो आणि पेट्रोल पुढे ढकललं जातं. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाजूला घ्यायची आणि टाकी रिकामी करणाऱ्याला बोलवायचं. त्याचा नंबर त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ती वही गाडीतच ठेवा.