फोटो सेव्ह करताना या चुका टाळा

जेपीजी उघडायची, क्रॉप करायची, सेव्ह. दुसऱ्या दिवशी उजेड वाढवायचा, पुन्हा सेव्ह. मग कोपऱ्यात नाव टाकायचं आणि परत सेव्ह, तेही मूळ फाइलवरच. चांगले फोटो या सवयीने हकनाक जातात.

जेपीजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला डोळ्याला सहसा न जाणवणारा बारीक तपशील टाकून देते. रंगाची माहिती तर बहुतेक वेळा उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्मीच ठेवली जाते. गेलेलं परत मिळत नाही. फाइल नुसती उघडून पाहिली किंवा कॉपी केली तर काही बिघडत नाही. बदल करून सेव्ह केली की ही काटछाट नव्याने होते. क्रॉपमुळे चौकोनांच्या सीमा सरकल्या असतील, तर नुकसान आणखी वाढतं. आधी बिघाड दिसतो तो आकाशासारख्या सपाट रंगात.

यावर उपाय शिस्तीचा आहे. कॅमेऱ्यातून आलेली फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ‘रीड ओन्ली’ करून ठेवा. चालू काम फोटोशॉपमध्ये पीएसडी, गिंपमध्ये एक्ससीएफ किंवा १६ बिट टिफमध्ये (तपशील न गमावता साठवणाऱ्या फाइलमध्ये) ठेवा. सगळं झाल्यावर एकदाच जेपीजी एक्स्पोर्ट करा, क्वालिटी ८५ ते ९०. मात्र एका सॉफ्टवेअरचं ८५ म्हणजे दुसऱ्याचं ८५ नव्हे, म्हणून १०० टक्के झूमवर नजर टाकल्याशिवाय फाइल पाठवू नका.

दुसरी चूक लोगोची, आणि ती जवळजवळ नेहमी एकाच वाटेने होते. डिझायनरने एसव्हीजी दिलेली असते, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांनी बनलेली (व्हेक्टर) फाइल, जी कितीही मोठी केली तरी फाटत नाही. ती आपल्याकडे उघडत नाही म्हणून कुणीतरी स्क्रीनशॉट काढतो आणि मेसेजिंग ॲपवर फोटो म्हणून पाठवतो. ॲप त्याची छोटी जेपीजी करून टाकतं. पुढच्याला पारदर्शक पार्श्वभूमी हवी असते, म्हणून तो ऑनलाइन कन्व्हर्टरमधून पीएनजी (तपशील न टाकता साठवणारी, पारदर्शकता सांभाळणारी फाइल) काढतो. पांढरा चौकोन जागच्या जागी! जेपीजीत पारदर्शकता नसतेच, मग पीएनजीत ती येणार कुठून? जेपीजीच्या काटछाटीने अक्षरांच्या कडांना जमलेले करडे ठिपकेही पीएनजी जसेच्या तसे जपून ठेवते. पांढरा भाग मॅजिक वाँडने (एकसारखा रंग एका क्लिकमध्ये निवडणाऱ्या टूलने) उडवला, तर त्या ठिपक्यांमुळेच कडेला मळकट किनार उरते. आणि मग ही ६०० पिक्सेल रुंदीची फाइल दहा फुटी बॅनरला जाते: इंचाला फक्त ५ पिक्सेल.

अशा वेळी ‘शार्पन’ची बटणं दाबत बसू नका. डिझायनरकडे एसव्हीजी किंवा व्हेक्टर पीडीएफ मागा आणि पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. एक फोन करायचा कंटाळा केला की लोगो नव्याने काढावा लागतो. मजकुराचे स्क्रीनशॉट, तक्ते, रेखाचित्रं थेट पीएनजीत सेव्ह करा.

याउलट, कॅमेऱ्याचे फोटो ‘क्वालिटी राहावी’ म्हणून पीएनजीत साठवण्यात अर्थ नाही. फाइल कित्येक पटींनी फुगते आणि वेबसाइट रखडते.

फाइलच्या नावापुढचं एचईआयसी (आयफोनच्या फोटोंचा फाइल-प्रकार) खोडून जेपीजी लिहिल्याने आतलं काही बदलत नाही. शंका आली तर फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा: खऱ्या पीएनजीच्या अगदी सुरुवातीला, एका विचित्र चिन्हानंतर, ‘पीएनजी’ ही रोमन अक्षरं दिसतात.

रिसॅम्पल (पिक्सेलची संख्या बदलणारा पर्याय) बंद ठेवून डीपीआयच्या, म्हणजे छापताना इंचाला किती ठिपके, या रकान्यात ७२ चे ३०० केले, तरी एकही पिक्सेल वाढत नाही. पिक्सेल मोजा. ३०० डीपीआयने १० × ८ इंच छापायचं तर ३००० × २४०० हवेत.

जीआयएफ १९८७ ची आहे. एका फ्रेमला २५६ रंग, त्यामुळे फोटोसाठी ती नकोच.

छपाईला सीएमवायके (छपाईच्या चार शायांची रंगपद्धत) मागितलं असेल तर पीएनजी चालत नाही, टिफ किंवा पीडीएफ द्या.

वेबपी हा फाइल-प्रकार वेबसाइटसाठी उत्तम आहे, पारदर्शकताही सांभाळते. फक्त एका बाजूला १६,३८३ पिक्सेलच्या वर जात नाही, म्हणून लांबलचक पॅनोरामा तिच्यात बसत नाही.

आयफोनवर २०१७ पासून एचईआयसी आहे. समोरच्याकडे उघडत नाही म्हणून सगळे मूळ फोटो बदलून टाकू नका. जो पाठवायचा आहे त्याच्या प्रतीची जेपीजी करा.