मराठवाड्याच्या उन्हात हेराल्ड पुन्हा चालती करायची तर आधी पाण्याची वाट मोकळी करा

जुनी स्टँडर्ड हेराल्ड घरच्या शेडमध्ये दुरुस्त करून पुन्हा उभी करायला घेतलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो रंगाचा. दुसरा सीटकव्हरचा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, बाहेर बेचाळीस अंश असताना, ही गाडी जालना रोडवर पाणी न उकळता चालेल का, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते मराठवाड्यात गाडी उभी करणाऱ्याने सगळ्यात आधी हाच प्रश्न सोडवायला हवा. म्हणून या लेखात बाकीची कामं भराभर सांगतो आणि पाण्याच्या कामावर रेंगाळतो.

घरी काम करायला हेराल्डसारखी गाडी नाही. १९६१ पासून ती मद्रासला बनत होती. आकार जोवान्नी मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरचा. खाली वेगळी चासी आणि वर बोल्टने बसवलेले बॉडीचे तुकडे. अख्खं बॉनेट पुढे कलतं आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंना बसून हात घालता येतो. ट्रायम्फची स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार याच चासीची लांबी कमी करून १९६२ मध्ये निघाली. त्यामुळे इथे जे शिकाल ते स्पिटफायरलाही चालेल, आणि पाण्याचा भाग फियाट-अँबॅसेडरलाही.

कागद. पाना उचलण्याआधी आरसी बघा. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती असल्या कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. गाडी चालवायचीच असेल तर फिटनेस करून साधी नोंदणीच नव्याने करून घ्या.

खोलणं. फोटो काढा, नट-बोल्ट डब्यांत नावं लिहून ठेवा. एवढंच.

पत्रा. चासीचे बाजूचे हात आणि दाराखालचा पत्रा कुजलेला असतो. वेल्डिंगआधी दोन्ही दारं बसवून, लावून, फटी सारख्या करून घ्या आणि दारं तशीच ठेवून टाके मारा. दारं काढून वेल्डिंग करणाऱ्या मिस्त्रीला गाडी देऊ नका, तो कितीही नावाजलेला असो.

पुढची चाकं. ट्रनियनमध्ये, म्हणजे चाकाचा उभा पाय ज्या आट्यांच्या सांध्यात फिरतो त्यात, ग्रीस भरायचं नाही. तिथे नव्वद नंबरचं गिअर ऑइल जातं. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, आटे कोरडे राहून गंजतात, आणि एक दिवस वळणावर पाय मोडून चाक आडवं होतं. समोरचा माणूस ग्रीसगन घेऊन आला तर त्याला थांबवा.

इंजिन. ९४८ सीसी, चार सिलिंडर, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. क्रँक घासणं, सिलिंडर बोअर करणं ही कामं संभाजीनगरच्या चिकलठाणा-वाळूज भागातले लेथवाले उत्तम करतात. फक्त क्रँकचे थ्रस्ट वॉशर नवे घाला आणि क्रँकची पुढे-मागे हालचाल चार ते आठ थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत आहे ना, ते डायल गेजने स्वतः मोजा. हे अर्धगोल वॉशर झिजून खाली पडले की क्लच दाबताच क्रँक सरकतो आणि ब्लॉकच खाऊन टाकतो. सुटे भाग चेन्नईच्या पुदुपेट बाजारात शोधा. नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबाद जवळ. बाकीचे इंग्लंडहून मागवता येतात.

आता पाणी.

मी सगळ्यात जास्त अडलो तो याच टप्प्यावर. इंजिन नवं, रेडिएटर साफ, पाणीपंप नवा, तरी काटा वर. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप, काढून टाका. मराठवाड्यातल्या निम्म्या जुन्या गाड्यांत थर्मोस्टॅट नसतोच, कारण कधीतरी कोणीतरी हेच सांगितलेलं असतं. हा सल्ला चुकीचा आहे. गरम झालेल्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडाच असतो, तो पाणी अडवत नाही. तो काढल्याने रेडिएटरची तुंबलेली नळी मोकळी होत नाही की ब्लॉकमधला गाळ हलत नाही. उलट डिसेंबरच्या सकाळी इंजिन तापतच नाही, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं, ऑइलमध्ये पाणी साचतं आणि रिंगा लवकर जातात. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा घ्या, पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत टांगा आणि उघडताना डोळ्यांनी बघा. त्याच्या कडेला तीन मिलिमीटरचं एक भोक पाडा, म्हणजे पाणी भरताना हवा अडकणार नाही. मग बसवा आणि पुन्हा कोणालाही काढू देऊ नका.

खरं दुखणं ब्लॉकच्या मागच्या टोकाला असतं. पंप पुढे, म्हणून प्रवाहाचा जोर पुढच्या सिलिंडरांना. चौथ्या सिलिंडरभोवती पाणी मंद फिरतं आणि सगळा गंज, बिडाची जुनी वाळू, क्षार तिथे बसतात. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. ज्याच्या शेतात ठिबक आहे त्याला हे वेगळं सांगायला नको: ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो तसाच तो सिलिंडरभोवती धरतो. पन्नास वर्षं बोअरचं पाणी ओतलेल्या ब्लॉकमध्ये मागचा निम्मा कप्पा घट्ट भरलेला सापडतो. पाणी सोडायचा नळ उघडा. काहीच आलं नाही तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका. नळाच्या भोकात तार घाला. तार जाताच काळपट चिखल निघाला की निदान झालं.

इंजिन खोललेलं असतानाच हे काम करा, क्रँक आणि बेअरिंग बसवायच्या आधी. ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे गोल बूच, ज्यांना गॅरेजमध्ये वेल्श प्लग म्हणतात, ते सगळे काढा. एका कडेला छिन्नी ठोकली की बूच आडवा फिरतो, मग पकडीने ओढून घ्या. बूच आत ढकलून तिथेच सोडणारे लोक आहेत. तो पुढे पाण्याच्या वाटेत आडवा येतो. आता जाड तार, जुन्या स्पोकची टोकं, बाटली घासायचा ब्रश, जे शिरेल ते घालून खरवडा. वरून हेडच्या बाजूच्या भोकांतूनही खरवडा. सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याने धुवा. गाळाचे तुकडे बाहेर पडायचे थांबले की पुन्हा खरवडा, कारण थांबले म्हणजे संपले असं नसतं. बोटाला आतली भिंत लागली पाहिजे, थर नाही.

लेथवाल्याकडे ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत उकळून मिळतो. त्याने तेल आणि रंग जातो, चुन्याचा थर जात नाही. चुन्याला आंबटच लागतं. इथे दुसरा वाईट सल्ला येतो. ठिबकच्या नळ्यांत सोडतात ते ॲसिड, किंवा बाथरूमच्या फरशीचं ॲसिड, वापरून बघा म्हणतात. कधीही वापरू नका. ते बीड खातं, रेडिएटरच्या पितळाचा आणि डागाचा (सोल्डरचा) घास घेतं, आणि फटीत राहिलेला अंश महिनोन् महिने आतून काम करत राहतो. किराणा दुकानात मिळतं ते लिंबूसत पुरेसं आहे. एका लिटर गरम पाण्याला पन्नास ग्रॅम. ब्लॉकची भोकं रबरी बुचांनी बंद करा, द्रावण काठोकाठ भरा. फेस येईल, येऊ द्या. फेस थांबला की ओता आणि ताजं भरा. रात्रभर ठेवू नका. थर संपल्यावर लिंबूसतही लोखंडाकडेच वळतं. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने धुवा, हवा मारून कोरडं करा आणि लगेच सिलिंडरच्या भिंतींवर ऑइल फिरवा. धुतलेलं बीड तासाभरात तांबूस होतं. नवे बूच त्याच मापाचे घ्या, पितळी मिळाले तर पितळी.

रेडिएटरला फक्त फ्लश करून घेऊ नका. वरची टाकी डाग सोडवून उघडायला लावा आणि प्रत्येक नळीत पट्टी फिरवून घ्या, शेजारी उभे राहून. घरी आल्यावर खालचं तोंड तळहाताने दाबून रेडिएटर भरा आणि हात काढा. पाणी धबाक्याने पडलं पाहिजे. बाहेरून जाळीतली माती आणि किडे मागून पुढे, हलक्या दाबाने काढा. काळ्या मातीचा चिखल सुकला की जाळीत सिमेंटसारखा बसतो. रेडिएटर आणि ग्रिलमधले आडोसे, पुठ्ठ्याचे असोत की पत्र्याचे, गाडीत नसतील तर बनवा. ते नसले की हवा रेडिएटरला वळसा घालून जाते, आणि मग लोक इलेक्ट्रिक पंखा लावायला निघतात. जुन्या डायनामोवर त्या पंख्याचा भार टाकू नका. आधी वाट मोकळी करा, पंख्याची गरजच उरणार नाही.

खालचा होज बोटांनी दाबून बघा. मऊ पडला असेल तर वेगात पंपाच्या ओढीने तो चपटा होतो आणि गाडी फक्त हायवेवर तापते. कॅप कंपनीने दिलेल्याच दाबाची घ्या. जास्त दाबाची कॅप लावून जुन्या टाकीचे डाग फाडू नका. पाणी बोअरचं नाही, डिस्टिल्ड. त्यात एक तृतीयांश कूलंट. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, असं म्हणणाऱ्यांनी ब्लॉकमधला तो चिखल एकदा हातात घ्यावा. कूलंट इथे गंजासाठी आहे.

एवढं करूनही तापली तर पाण्याबाहेर बघा. टायमिंग मागे असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तर इंजिन तापतं. आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. त्याने मिश्रण पातळ होतं, म्हणजे कार्ब्युरेटरचं मेन जेट थोडं मोठं लागतं. जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोलपंपाचा पडदा इथेनॉलला टिकत नाहीत, ते इथेनॉल चालणारेच घाला. रेडिएटरमध्ये थंड असतानाच, कॅप उघडी ठेवून इंजिन सुरू केल्यावर सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट गेलं आहे. हेड पुन्हा उतरवा, दुसरा इलाज नाही.

जोडणी आणि चाचणी. बॅटरी लावण्याआधी अर्थ कुठला आहे, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडायचं, ते तपासा, बऱ्याच हेराल्ड पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत. प्लगचं अंतर २५ थाऊ, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचं १५, टॅपेटचं (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फट) थंड इंजिनावर १०. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

पहिली चक्कर सकाळी, सपाट रस्त्यावर. इन्फ्रारेड थर्मामीटर जवळ ठेवा. शे-दोनशे रुपयांच्या काट्यावर विसंबू नका. गाडी थांबवून रेडिएटरच्या तोंडावर तो फिरवा. वरून खाली तापमान हळूहळू उतरलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर त्या नळ्या बंद आहेत, रेडिएटर परत न्या. मग ब्लॉकच्या मागच्या टोकाला आणि पुढच्या टोकाला मोजा. फरक मोठा असेल तर मागे अजून गाळ आहे.

खरी परीक्षा दौलताबादच्या घाटात. संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना, दुपारी, दोन माणसं बसवून, वरच्या गिअरचा हट्ट न धरता चढा. खुलताबादला पोचल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, दोन मिनिटं मंद चालू द्या. गरम कॅपला हात लावू नका. पाणी बाहेर आलं नसेल आणि गाडी पुन्हा एका स्टार्टरला उठली, तर पेंटरला फोन करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, हेडचे नट मधून बाहेर या क्रमाने पुन्हा टॉर्क रेंचने तपासा आणि त्यानंतर टॅपेट परत लावा, कारण हेड दबलं की टॅपेटचं अंतर बदलतं.