जीमेलचे खाते थंडरबर्डमध्ये जोडताना

जीमेल, याहू किंवा आउटलुक यांचे विनामूल्य खाते बहुतेक जण ब्राउझरमध्येच उघडतात, आणि रोजच्या दोन-चार मेलसाठी ते पुरेसेही असते. परंतु घरचे, कामाचे आणि सोसायटीच्या पत्रव्यवहाराचे अशी तीन खाती सांभाळणाऱ्याला, किंवा इंटरनेट वारंवार खंडित होणाऱ्या गावात राहूनही जुने मेल हाताशी हवे असणाऱ्याला, संगणकावर स्वतंत्र मेल प्रोग्रॅम बसवून घेणे सोयीचे ठरते. विंडोजसोबत येणाऱ्या जुन्या मेल अ‍ॅपचा आधार मायक्रोसॉफ्टने २०२४ अखेर काढून घेतला. त्यामुळे येथे थंडरबर्ड हा मोझिला परिवारातील विनामूल्य प्रोग्रॅम आणि जीमेलचे खाते अशी जोडी धरून कृती दिली आहे.

खाते जोडण्याचे काम पाच-दहा मिनिटांचे आहे. त्याआधी मात्र आपले मेल मुळात कोठे राहणार, हे ठरवावे लागते. आयमॅप पद्धतीत मूळ मेल गूगलच्या सर्व्हरवर राहतात आणि संगणकावर त्यांचे प्रतिबिंब दिसते. येथे वाचलेला मेल मोबाइलवरही वाचलेला दिसतो आणि येथे पुसलेला तेथूनही जातो. पॉप पद्धतीत मेल उतरवून संगणकावर आणले जातात, आणि त्यानंतर दोन्हीकडच्या प्रतींचा एकमेकींशी संबंध राहत नाही. पॉप ही मोबाइल नव्हते त्या काळाची सोय होती. मोबाइल आणि संगणक दोन्ही वापरणाऱ्याने आज आयमॅपच निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

थंडरबर्ड त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा आणि नवीनतम आवृत्ती घ्यावी, कारण जुन्या आवृत्त्यांना लॉगिनच्या नव्या पद्धती कळत नाहीत. प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडल्यावर नाव आणि ई-मेल पत्ता विचारला जातो. येथे नाव देवनागरीत लिहिले तरी चालते. मेल मिळणाऱ्याला ते तसेच दिसते. पत्ता दिल्यावर जीमेलच्या सर्व्हरची माहिती प्रोग्रॅम स्वतःच शोधून काढतो, तेव्हा आयमॅप हा पर्याय निवडलेला आहे ना, एवढे पाहावे. माहिती हाताने भरावी लागलीच, तर येणाऱ्या मेलसाठी आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम हा सर्व्हर आणि पोर्ट ९९३, तर जाणाऱ्या मेलसाठी एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम आणि पोर्ट ४६५ असे भरावे. दोन्हीकडे सुरक्षेचा पर्याय एसएसएल/टीएलएस हा ठेवावा. ही सर्व्हरनावे अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतात.

यापुढच्या पायरीवर बहुतेकांची गाडी अडते. पूर्वी खात्याचा पासवर्ड थेट प्रोग्रॅममध्ये टाकला की काम होत असे. गूगलने ही वाट वैयक्तिक खात्यांसाठी २०२२ च्या मे अखेरीपासून बंद केली आणि मायक्रोसॉफ्टनेही सप्टेंबर २०२४ मध्ये तेच केले. आता थंडरबर्ड एक छोटी खिडकी उघडतो, तिच्यात गूगलचेच लॉगिनचे पान येते, आपण तेथे पासवर्ड आणि मोबाइलवरील पडताळणी पूर्ण करतो आणि गूगल त्या प्रोग्रॅमला परवानगीची किल्ली देते. आपला पासवर्ड प्रोग्रॅमकडे राहत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये या पद्धतीचे नाव ओऑथ-२ असे दिसते. येणाऱ्या आणि जाणाऱ्या अशा दोन्ही सर्व्हरसाठी तेच निवडलेले असावे; एकीकडे ते राहून गेले, तर मेल येतात पण जात नाहीत. खिडकी कोरीच राहिली किंवा पुन्हापुन्हा उघडू लागली, तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी विभागात कुकीज बंद आहेत का, ते आधी तपासावे.

ही पद्धत न समजणारा एखादा जुना प्रोग्रॅम वापरायचाच असेल, तर जीमेल आणि याहू दोन्हीकडे अ‍ॅप पासवर्डची, म्हणजे त्या एका प्रोग्रॅमपुरत्या वेगळ्या पासवर्डची, सोय आहे. गूगलच्या खात्यात आधी दुहेरी पडताळणी सुरू करावी लागते आणि मग सोळा अक्षरी पासवर्ड मिळतो; तो एकदाच दाखवला जातो. आउटलुकच्या वैयक्तिक खात्यासाठी मात्र मेल प्रोग्रॅमला ओऑथ-२ कळणे आवश्यकच आहे. प्रोटॉन मेल वापरणाऱ्यांना थंडरबर्ड जोडण्यासाठी ब्रिज नावाचा वेगळा प्रोग्रॅम लागतो आणि तो केवळ सशुल्क खात्यांना मिळतो.

खाते जोडले गेले की डावीकडे फोल्डरांची यादी दिसते आणि मेल उतरू लागतात. जीमेलमध्ये मुळात फोल्डर नसून लेबले असतात. त्यामुळे एकच मेल इनबॉक्समध्येही दिसतो आणि ऑल मेल या सर्व मेलच्या एकत्र यादीमध्येही, आणि हजारो मेलच्या खात्यात यादी दुप्पट होऊन बसते. यावर उपाय म्हणजे ब्राउझरमध्ये जीमेलच्या सेटिंगमधील लेबल्स विभागात जाऊन ऑल मेलसमोरची ‘शो इन आयमॅप’ ही खूण काढून टाकणे. मेल त्यामुळे पुसले जात नाहीत, केवळ थंडरबर्डमध्ये ते फोल्डर दिसेनासे होते. डेटा मोजून वापरावा लागत असेल, तर खात्याच्या सेटिंगमधील सिंक्रोनायझेशन विभागात गेल्या ३० दिवसांचेच मेल संगणकावर ठेवण्याचा पर्यायही निवडता येतो.

आयमॅप म्हणजे बॅकअप, असा समज मात्र करून घेऊ नये, कारण सर्व्हरवरून गेलेला मेल येथूनही जातो. जुना पत्रव्यवहार खरोखर जपायचा असेल, तर थंडरबर्डच्या लोकल फोल्डर्समध्ये वर्षवार फोल्डर करून त्यांत मेलची प्रत न्यावी. हलवण्याऐवजी आधी प्रतच करावी, जोडपत्रांसह चार-दोन मेल उघडून पाहावेत, आणि मगच सर्व्हरवरचे मेल काढावेत. जीमेलच्या विनामूल्य खात्यातील १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटो यांच्यासह मिळून असते, तेव्हा ती भरत आली असता ही वाट फार उपयोगी पडते. मात्र लोकल फोल्डर त्या एकाच संगणकावर असतात. म्हणून हेल्प मेनूतील ट्रबलशूटिंगच्या पानावरून प्रोफाइल फोल्डर, म्हणजे थंडरबर्ड आपले मेल आणि सेटिंग जेथे साठवतो तो फोल्डर, उघडून त्याची जागा पाहून ठेवावी, थंडरबर्ड बंद करावा आणि तो संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवावा.

असे जुने मेल चाळताना पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या काही मराठी मेलच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसेल. थंडरबर्डमध्ये बिघाड झालेला नसतो. युनिकोड ही सर्व संगणकांवर मराठी अक्षरे सारखीच ओळखली जाण्याची पद्धत रुळण्यापूर्वी श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या फॉन्टमध्ये लिहिलेला तो मजकूर असतो, आणि तो वाचण्यासाठी तोच फॉन्ट किंवा फॉन्ट-परिवर्तक लागतो.